शिंगे कोणाच्या डोक्यावर?

इसवी सन ८८७, आठवा महिना. हेइआन, म्हणजे आजचे क्योतो. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली. राजवाड्याच्या आवारातल्या पाइनच्या राईजवळून तीन स्त्रिया रात्री चालल्या होत्या. एका झाडाखाली एक देखणा पुरुष उभा होता. तिघींपैकी एकीचा हात धरून त्याने तिला बाजूला नेले आणि दोघे बोलत उभे राहिले. थोड्या वेळाने बोलणे ऐकू येईनासे झाले. सोबतिणींनी जाऊन पाहिले तर जमिनीवर तिचे हातपाय तेवढे पडलेले. डोके नाही, धड नाही, तो पुरुषही नाही. आरडाओरडा ऐकून पहारेकरी धावले, पण ते पोचले तेव्हा तेवढे अवशेषही उरले नव्हते. लोक म्हणू लागले, ओनीने माणसाचे रूप घेऊन हा डाव साधला.

ही गोष्ट कुणा कथेकऱ्याने रचलेली नाही. ९०१ मध्ये पूर्ण झालेल्या 'निहोन सान्दाइ जित्सुरोकु' या दरबारी इतिहासग्रंथात ती तारखेनिशी नोंदलेली आहे. नेमणुका, बढत्या, अंत्यविधी असल्या रुक्ष नोंदींच्या मधोमध ती अवचित भेटते. नोंद करणारा माणूस सावध असावा. त्याने पुढे लिहून ठेवले आहे की त्या महिन्यात राजधानीत असल्या बिनबुडाच्या ३६ वदंता लोकांच्या तोंडी होत्या, सगळ्या इथे देता येत नाहीत. तो काळ पाहिला की या वदंतांचे नवल वाटत नाही. १७ दिवसांपूर्वी प्रचंड भूकंप झाला होता, त्यानंतरचे धक्के चालूच होते, आणि पुढच्या नऊ दिवसांत सम्राट कोको वारले.

ओनीची ओळख करून देताना बहुतेक पुस्तके शिंगांपासून सुरुवात करतात. मला ती या ३६ वदंतांपासून करावीशी वाटते. जपानी समाजाला ज्या काळी ज्याची धास्ती होती, त्याच्या डोक्यावर त्या काळी शिंगे बसवली गेली. हे माझे मत असले तरी त्याचे पुरावे जपानी ग्रंथांनीच जपून ठेवले आहेत.

सुरुवातीच्या ओनीला रूपच नव्हते. ज्या चिनी अक्षराने ओनी लिहितात त्याचा चीनमधला अर्थ मेलेल्या माणसाचे भूत, आणि दहाव्या शतकातला 'वाम्यो रुइजुशो' हा जपानी कोश सांगतो की जो लपून राहतो, दिसू इच्छित नाही तो ओनी. ७२० मध्ये सिद्ध झालेल्या 'निहोन शोकि'त एक प्रसंग आहे. सम्राज्ञी साइमेइ कोरियातल्या मित्रराज्याला सोडवायला फौज घेऊन निघाली आणि ६६१ मध्ये क्यूशू बेटावरच्या आसाकुरा इथल्या मुक्कामी वारली. हा मुक्कामाचा वाडा देवराईतली झाडे तोडून बांधला होता, त्यामुळे देव कोपला अशी कुजबुज आधीच होती. तिच्या अंत्यविधीच्या संध्याकाळी आसाकुराच्या डोंगरावर मोठी टोपी घातलेला एक ओनी उभा राहून सगळे पाहत होता. तो काही बोलला नाही, काही केले नाही, फक्त पाहत राहिला. मला हा ओनी पुढच्या सगळ्या सुळेवाल्यांपेक्षा भयंकर वाटतो.

माणूस खाणारा ओनी पहिल्यांदा भेटतो तो ७३३ च्या 'इझुमो फुदोकि' या प्रांतवर्णनात. एक शेतकरी आपल्या शेतात असताना एकडोळ्या ओनीने त्याच्या मुलाला धरून खाल्ले. आईबाप जवळच्या बांबूच्या बेटात लपले होते. इझुमो हा लोखंड गाळणाऱ्यांचा मुलूख. भट्टीतल्या ज्वाळेकडे वर्षानुवर्षे पाहून त्या लोकांचा एक डोळा अधू होई, म्हणून हा ओनी एकडोळ्या, असे काही अभ्यासक मांडतात. डोंगरात राहणारे, आग आणि धातू हाताळणारे, शेती न करणारे हे लोक भात पिकवणाऱ्यांना परके आणि धोक्याचे वाटत असणार. हा धागा पुढे पुन्हा पुन्हा हाती येतो.

दहाव्या शतकातल्या 'इसे मोनोगातारी'ने तर ओनीचे बिंग स्वतःच फोडले आहे. एक तरुण उच्चकुळातल्या मुलीला पळवून नेतो. रात्री वादळ होते, म्हणून तो तिला एका पडक्या कोठारात बसवतो आणि स्वतः धनुष्यबाण घेऊन दाराशी पहारा करतो. आत ओनी दडलेला असतो. तो तिला एका घासात गिळतो आणि तिची किंकाळी गडगडाटात विरून जाते. गोष्ट इथे संपली असती तरी चालले असते. पण पुढे मजकूर शांतपणे सांगतो की ही मुलगी म्हणजे पुढे सम्राज्ञी झालेली फुजिवारा घराण्यातली कन्या. तिच्या भावांनी तिचे रडणे ऐकले आणि ते तिला परत घेऊन गेले, त्यालाच लोक ओनी म्हणतात! हजार वर्षांपूर्वीच्या वाचकाला हे पुरते कळत होते.

मग या बिनचेहऱ्याच्या ओनीला शिंगे, सुळे आणि लाल-निळी कातडी मिळाली कुठून? बराचसा माल आपल्याकडून गेला. बौद्ध धर्म चीन-कोरियामार्गे जपानला पोचला तेव्हा त्याच्या सामानात राक्षस आणि यक्षही होते. जपानीत ते अनुक्रमे रासेत्सु आणि याशा झाले. यमाचा एन्मा झाला. गेन्शिन या भिक्षूने ९८५ मध्ये 'ओजोयोशू' लिहून नरकाचे सविस्तर वर्णन केले आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस नरकाची चित्रेही गुंडाळीपटांवर रंगू लागली. त्यात पाप्यांना उकळणारे बैलमुखी आणि अश्वमुखी शिपाई आहेत. ओनीने आपला चेहरा या शिपायांकडून उसना घेतला.

या मार्गाने गेलेली एक बाई तर थेट महाराष्ट्रात भेटते. हारीती ही यक्षिणी दुसऱ्यांची मुले पळवून खाई. तिला स्वतःला पाचशे मुले. बुद्धाने तिचे धाकटे मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपवले, तेव्हा ती कासावीस होऊन शोधत फिरली आणि दुसऱ्या आईचे दुःख तिला कळले. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात गाभाऱ्याच्या उजवीकडे एक छोटी खोली आहे. तिथे ती पांचिक या नवऱ्याशेजारी, मांडीवर मूल घेऊन बसली आहे. खालच्या पट्टीत मुलांचीच गर्दी. एकीकडे छडी घेतलेले गुरुजी आणि पुढ्यात बसलेली गुणी मुले, दुसरीकडे अभ्यास सोडून मेंढ्याच्या मागे लागलेली उनाड कार्टी. हीच हारीती तोक्योच्या झोशिगायामध्ये किशिमोजिन या नावाने बाळंतपणाची आणि लेकरांची रक्षणकर्ती झाली आहे. तिच्या नावात ओनीचे अक्षर येते, पण तिथल्या मंदिरात ते लिहिताना माथ्यावरचा छोटा फराटा गाळतात. ती सुधारली, म्हणून तिचे शिंग काढून घेतले, असा त्याचा अर्थ.

ओनीच्या कमरेला वाघाचे कातडे असते. जपानच्या जंगलात वाघ नाही, कातडी येत ती कोरियातून. मग वाघच का? याचे लोकप्रिय उत्तर दिशांमध्ये आहे. जुन्या चिनी पद्धतीत बारा दिशांना बारा प्राणी नेमलेले असतात आणि ईशान्य कोपरा बैल आणि वाघ यांच्या मधोमध पडतो. ईशान्येला 'किमोन', म्हणजे ओनीचे दार म्हणत. वाईट ते या दारातून येते. म्हणून बैलाची शिंगे आणि वाघाचे कातडे. आपल्या वास्तुशास्त्रात ईशान्य ही देवाची दिशा असल्याने मराठी वाचकाला हे उलटेच वाटेल. पण जपानी राज्यकर्त्यांनी या दाराचा बंदोबस्त गांभीर्याने केला. क्योतोच्या ईशान्येच्या हिएइ पर्वतावरचा एन्र्‍याकुजी मठ राजधानीचा रखवालदार मानला गेला. पुढे तोकुगावा घराण्याच्या शोगुनांनी एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, किल्ल्याच्या ईशान्येला १६२५ मध्ये कानेइजी मंदिर उभारून त्याला पूर्वेकडचा हिएइ असे नाव दिले. क्योतोच्या राजवाड्याच्या भिंतीचा ईशान्य कोपरा तर आतल्या बाजूला दुमडलेला आहे. कोपराच नाही तर ओनी येणार कुठून, असा हा हिशेब.

सर्वांत मोठी धास्ती साथीच्या रोगांची होती. ७०६ मध्ये अनेक प्रांतांत साथ पसरून पुष्कळ लोक मेले, तेव्हा मातीचे बैल करून ओनी हाकलण्याचा मोठा विधी केल्याची नोंद आहे. हाच चिनी वळणाचा 'त्सुइना' पुढे दरबारात दर वर्षाच्या शेवटच्या रात्री होऊ लागला. त्यातला मुख्य पुरुष म्हणजे होसोशि. चार सोनेरी डोळ्यांचा मुखवटा, काळा अंगरखा, तांबडा घागरा, उजव्या हाती भाला, डाव्या हाती ढाल. ढालीवर भाला आपटत आणि आरोळ्या ठोकत तो राजवाड्यातून फिरे, मागून मुलांची रांग. अदृश्य ओनींना तो पिटाळून लावी आणि दरबारी लोक पीचच्या लाकडाच्या धनुष्यातून बोरूचे बाण सोडत.

पण झाले काय, ज्याला पळवायचे तो ओनी कुणाला दिसत नव्हता आणि पळवणारा चारडोळ्या मात्र सर्वांसमोर होता. शिवाय दरबारी अंत्ययात्रेच्या पुढेही हाच होसोशि चाले, त्यामुळे त्याला मृत्यूचा विटाळ चिकटला होता. हळूहळू दरबारी लोक बाण त्याच्यावरच रोखू लागले. दोन-तीन शतकांत राखणदाराचाच ओनी झाला आणि तो राजवाड्यातून हाकलला जाऊ लागला. आजही फेब्रुवारीच्या सुरुवातीला क्योतोच्या योशिदा देवस्थानात हा विधी पाहायला मिळतो. तिथे होसोशिला त्याचे जुने काम परत मिळाले आहे.

साथीचीच छाया जपानमधल्या सर्वांत प्रसिद्ध ओनीवर आहे. शुतेन दोजी नावाचा हा अक्राळविक्राळ दारूबाज ओए पर्वतावर राहून राजधानीतल्या मुली पळवी. आबे नो सेइमेइ या दरबारी ज्योतिषाने त्याचा ठावठिकाणा सांगितला. सम्राट इचिजोच्या हुकमावरून मिनामोतो नो राइको हा सरदार आपले चार नामांकित वीर आणि आणखी एक सोबती घेऊन निघाला. सगळ्यांनी डोंगरी बैराग्यांचा वेष घेतला. वाटेत देवांनी त्यांना एक दारू दिली, माणसाला पोषक आणि ओनीला विष. पर्वतावर पाहुणचार झाला तो माणसाच्या रक्तामांसाचा. संशय येऊ नये म्हणून राइकोने तो मिटक्या मारत खाल्ला. मग देवांची दारू पाजून, यजमान झोपेत असताना त्याचे मुंडके उडवले. ते मुंडके उसळले आणि राइकोच्या शिरस्त्राणाला कडाडून चावले.

ही कथा ऐकणाऱ्याला ओनीची कीव यावी अशा दोन गोष्टी तिच्यातच आहेत. एक, दारूच्या गप्पांत तो स्वतःची कर्मकहाणी सांगतो. तो आधी हिएइ पर्वतावर राहत होता, साइचो या भिक्षूने तिथे मठ बांधला आणि त्याला हुसकावले. म्हणजे ज्या मठाने ओनीपासून राजधानीचे रक्षण करायचे, त्यानेच एका ओनीला बेघर केले. दुसरी गोष्ट, मरताना तो ओरडतो की असा दगाफटका ओनीसुद्धा करत नाहीत. कथा रचणाऱ्यांनी हे वाक्य काढून टाकले नाही, पिढ्यान्‌पिढ्या राहू दिले.

राइको ऐतिहासिक पुरुष आहे, त्याचा मृत्यू १०२१ चा. याच सम्राटाच्या काळात ९९४-९९५ मध्ये भीषण साथीने राजधानी पोखरली आणि दरबारातले मोठमोठे लोक दगावले. इतिहासकार ताकाहाशी मासाआकी यांनी १९९२ मध्ये पुस्तक लिहून मांडले की शुतेन दोजी म्हणजे मुळात देवीच्या रोगाची देवता, आणि मूळचा ओए पर्वत म्हणजे क्योतोच्या पश्चिमेची खिंड, जिथे साथीला वेशीवरच अडवण्याचे सरकारी विधी होत. आज मात्र ओए पर्वत म्हणून दाखवतात तो फुकुचियामा शहराजवळचा. तिथे तांब्याची खाण होती. ती बंद पडल्यावर त्याच जागी १९९३ मध्ये ओनींचे संग्रहालय सुरू झाले. धातू आणि ओनी पुन्हा एका जागी आले.

ओकायामातल्या उरा या ओनीची गोष्ट याहून बोलकी. उरा हा कोरियातल्या पेकचे राज्याचा राजपुत्र, समुद्रावरून किबी प्रांतात आला आणि किनोजो, म्हणजे ओनीचा किल्ला, बांधून लुटालूट करू लागला. दरबाराने पाठवलेल्या किबित्सुहिकोने त्याला मारले. पण कापलेले मुंडके गुरगुरायचे थांबेना. कुत्र्यांना खायला घालून नुसती कवटी उरवली तरी थांबेना, चुलीखाली खोल पुरले तरी १३ वर्षे आवाज येतच राहिला. शेवटी उराने किबित्सुहिकोच्या स्वप्नात येऊन सांगितले की माझ्या बायकोला या चुलीवर रांधू दे, मी लोकांना भविष्य सांगेन. किबित्सु देवस्थानात हा विधी आजही होतो. लोखंडी कढईवर तांदूळ वाफवायचे भांडे ठेवतात, उराच्या बायकोच्या आसो गावच्या परंपरेतली बाई त्यात तांदूळ हलवते आणि कढई घुमू लागते. कौल शुभ की अशुभ, हे पुजारी सांगत नाही. ऐकणाऱ्याने आपले आपण ठरवायचे.

पुरातत्त्वज्ञांनी किनोजो खणला तेव्हा तो सातव्या शतकाच्या उत्तरार्धातला, कोरियन पद्धतीचा डोंगरी किल्ला निघाला. लोखंडकामाच्या खुणाही सापडल्या. ६६३ मध्ये कोरियाच्या किनाऱ्यावर हरल्यानंतर शत्रू चालून येईल या भीतीने जपानी दरबाराने असे अनेक किल्ले बांधले, त्यांपैकी हा असावा. बांधला सरकारने आणि नाव लागले ओनीचे! उत्तरेकडे असेच झाले. तिथल्या एमिशी लोकांचा नायक आतेरुइ शरण आला तरी ८०२ मध्ये त्याचा शिरच्छेद केला गेला, आणि त्या मुलखातल्या दंतकथांत दरबारी सेनापतीशी लढणारे सगळे ओनीच आहेत. मोरिओकामध्ये मित्सुइशी देवस्थानातल्या शिळेवर एका ओनीने पुन्हा न येण्याच्या वचनादाखल पंजा उमटवला म्हणतात. त्यावरून प्रांताला इवाते, 'खडकावरचा हात', असे नाव पडले. त्या ओनीचे नाव रासेत्सु, आपला राक्षस.

मत्सराने जळणाऱ्या बायकांनाही शिंगे फुटली. नो नाटकातला हान्न्या मुखवटा त्यांचाच. तो समोरून पाहिला तर संतापलेला आणि मान खाली घातली की रडवेला दिसतो. कवयित्री बाबा आकिको यांनी १९७१ मध्ये 'ओनी नो केंक्यू' हा ग्रंथ लिहून ओनींकडे समाजाने चिरडलेल्यांच्या बाजूने पाहिले. तिथून अभ्यासाचा सूर बदलला.

मोमोतारोची बालकथा जपानात प्रत्येकाला ठाऊक असते. पीचमधून जन्मलेला मुलगा कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी घेऊन ओनींच्या बेटावर जातो, त्यांना हरवतो आणि खजिना घेऊन येतो. विचारवंत फुकुझावा युकिची यांनी १८७१ मध्ये आपल्या मुलांसाठी लिहिलेल्या धड्यांत स्पष्ट सांगितले की खजिना ओनींचा होता, तेव्हा मोमोतारो चोर ठरतो. १९२४ मध्ये कथाकार आकुतागावा र्‍यूनोसुके यांनी याच कथेत ओनींना शांतपणे नांदणारे आणि मोमोतारोला आक्रमक केले. सरकारला हे पटणे शक्य नव्हते. युद्धकाळात इंग्रज-अमेरिकनांना ओनी आणि जनावरे म्हणणारी घोषणा होती. १९४५ मध्ये नौदलाने काढवलेला जपानचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट मोमोतारोवरच होता, आणि त्यात शरण येणारे शत्रू इंग्रज आहेत. २०१३ मध्ये वृत्तपत्रसंघाच्या जाहिरात स्पर्धेत पहिले आलेल्या चित्रात एक छोटा ओनी रडत सांगतो की माझ्या बाबांना मोमोतारो नावाच्या कुणीतरी मारले. फुकुझावांना ते आवडले असते.

ज्याला हाकलायचे त्यालाच दारावर बसवायचे, ही ओनीची दुसरी बाजू. देवळाच्या आणि घरांच्या छपरांवर टोकाला ओनीचा चेहरा असलेले कौल बसवतात, ओनीगावारा. आपल्या देवळांच्या उंबऱ्यावरच्या कीर्तिमुखासारखेच त्याचे काम. त्यावरून शेजाऱ्यांत कुरबुरीही होत. समोरच्या छपरावरचा ओनी आपल्या घराकडे डोळे वटारतो, म्हणून आजारपण येते असे ठरले की समोरचा माणूस आपल्या छज्ज्यावर शोकि या ओनीमाऱ्याचा पुतळा बसवी. क्योतोच्या गल्ल्यांत मान वर करून चालले तर हे शोकि अजून दिसतात. नाराच्या कोफुकुजीत तर १२१५ सालचे दोन लाकडी ओनी बुद्धापुढे दिवा धरून उभे आहेत. त्यांपैकी डोक्यावर दिवा तोलणारा कोबेन या शिल्पकाराचा. तो गळ्यात साप गुंडाळावा तसा ड्रॅगन गुंडाळून, डोळे वर करून दिव्याकडे पाहतो. चेहऱ्यावर भाव असा की काम कंटाळवाणे आहे, पण दिवा पडू द्यायचा नाही.

३ फेब्रुवारीच्या सुमाराला सेत्सुबुन येतो. घरोघरी भाजलेले सोयाबीन फेकून ओनी बाहेर आणि भाग्य आत असा पुकारा होतो. कागदी मुखवटा घालून ओनी होण्याची पाळी बहुधा बापावर येते. मग आपल्या वयाइतके दाणे मोजून खायचे. वातानाबे आडनावाच्या अनेक घरांत दाणे फेकतच नाहीत. राइकोच्या चार वीरांपैकी वातानाबे नो त्सुनाने एका ओनीचा हात तोडला होता, तेव्हा त्या घराकडे ओनी फिरकत नाहीत असा समज आहे. या दिवशी देशभरातून हाकललेले ओनी जातात कुठे, याचे उत्तर नारा प्रांतातल्या योशिनोच्या किन्पुसेनजी मंदिरात मिळते. तिथला पुकारा वेगळा आहे. भाग्यही आत, ओनीही आत. तिथे त्यांना उपदेश करून शिष्य करतात, कारण या पंथाचा मूळपुरुष एन नो ग्योजा याने झेन्की आणि गोकी या ओनी जोडप्याला आपल्या सेवेत घेतले होते.

त्या जोडप्याच्या पाच मुलांच्या वंशजांनी योशिनोच्या दक्षिणेच्या डोंगरात झेन्की याच नावाच्या जागी यात्रेकरूंसाठी पाच धर्मशाळा चालवल्या. पैकी एक अजून चालू आहे. फेब्रुवारीत जपानला जाणार असाल तर योशिनोचा सेत्सुबुन चुकवू नका. आणि ओनीच्या वंशजांकडे मुक्कामाला जायची हौस असेल तर मात्र उन्हाळ्यापर्यंत थांबा आणि आधी कळवून जा.